जुनी गाडी घेताना आधी बुक बघा, टाकीचं पॉलिश मागनं

आमच्या बेळगावात गाडी म्हटलं की मोटरसायकलच, कारला कारच म्हणतात. तर कॉलेज संपवून उद्यमबागेतल्या कारखान्यात नाहीतर कुठल्या दुकानात कामाला लागलेला पोरगा तीन-चार पगार साठले की जुनी गाडी बघायला निघतोय आणि घरी काय घेऊन येतोय, तर टाकीवर नवीन स्टिकर मारलेली, सीटखाली गंज आणि बुक म्हणजे आरसी तिसऱ्याच माणसाच्या नावावर. मी पण त्यातलाच. म्हणून हे लिहायला घेतलंय, ज्यांना गाडीतलं काहीच कळत नाही आणि अजून एल बोर्डवरच आहेत त्यांच्यासाठी.

पहिलं म्हणजे खिशात चाळीस हजार असतील तर गाडी तीस-बत्तीसचीच बघायची. राहिलेले आठ-दहा हजार गाडीलाच लागणार आहेत, नाव बदलायला, इन्शुरन्सला, टायर, चेन सेट, बॅटरी. सगळे पैसे मालकाच्या हातात ठेवून आलात तर गाडी दोन महिने दारात उभी राहतेय आणि तुम्ही सिटी बसनं जाताय.

आता आपल्या भागातलं खास सांगतो, कारण बाहेरचे लोक हे सांगत नाहीत. हिंडलग्यावरनं वेंगुर्ला रोडनं पुढं गेलं की बाची झाली की शिनोळी, म्हणजे महाराष्ट्र, चंदगड तालुका. तिथली गाडी एमएच ०९. तिकडं निपाणीच्या पुढं कागल, तिथंपण ०९च. पाहुणे दोन्हीकडं, बाजार दोन्हीकडं, त्यामुळं गाडी कुठल्या पासिंगची आहे हे आपल्याला काही वाटतच नाही. मला पण वाटलं नव्हतं. ०९ ची स्प्लेंडर आमच्या केए २२ पेक्षा सात हजारानं स्वस्त मिळाली म्हणून उड्या मारत घेतली. नंतर कळलं की बुकावर फायनान्स कंपनीचं नाव तसंच आहे. मालकानं हप्ते फेडलेले, पण बोजा उतरवलेलाच नाही. मग कंपनीकडनं एनओसी आणि बोजा उतरवायचा फॉर्म ३५, मग कोल्हापूर आरटीओतनं दुसऱ्या राज्यात न्यायची एनओसी म्हणजे फॉर्म २८, मग इथं येऊन परत नवीन नंबर आणि कर्नाटकाचा टॅक्स. मालक तोपर्यंत पुण्याला कामाला गेलेला, एका सहीसाठी मी दोन वेळा पुण्याची एसटी धरली. सात हजार कुठं गेले ते मोजलंच नाही मी.

कायदा असा आहे की दुसऱ्या राज्यातली गाडी इथं १२ महिन्यांपेक्षा जास्त ठेवली तर इथला नंबर घ्यायलाच लागतोय. लोक पाच-पाच वर्षं ०९ वर फिरतात ते मला माहिती आहे, पण गाडी विकायची वेळ आली किंवा ॲक्सिडेंट झाला की सगळं एकदम अंगावर येतंय. नवशिक्यानं पहिली गाडी आपल्याच पासिंगची घ्यावी, २२ नाहीतर चिकोडीची २३, पाच हजार जास्त गेले तरी जाऊ देत.

गाडी बघायला जायच्या आधीच मालकाकडनं नंबर मागून घ्या आणि एमपरिवहन ॲपवर टाका. मालकाचं नाव अर्धं दिसतंय पण रजिस्ट्रेशनची तारीख, इन्शुरन्स, फायनान्स आहे की नाही हे कळतंय. चलनं पण बघायची, हेल्मेट नसल्याची पाच-सहा चलनं असली तर ती त्यालाच भरायला लावायची. रजिस्ट्रेशनला १५ वर्षं होत आली असतील तर गाडी परत तपासून बुक ५ वर्षांनी वाढवून घ्यायला लागतंय, म्हणजे २०११-१२ ची गाडी कोण "एकदम कंडिशन" म्हणून देत असेल तर तो खर्च धरूनच भाव करायचा. आणि इन्शुरन्सचं एक लक्षात ठेवा, १ सप्टेंबर २०१८ नंतर नवीन घेतलेल्या दुचाकीला थर्ड पार्टी पाच वर्षांचा एकदमच असतोय, त्यामुळं २०१९ च्या गाडीचा मालक बिनधास्त "इन्शुरन्स आहे की ओ" म्हणतोय, आणि त्याला स्वतःलाच माहिती नसतंय की तो २०२४ लाच संपलाय.

बघायला जाताना फोनवर एवढंच सांगा, मी येईपर्यंत गाडी चालू करू नका. का ते सांगतो. आमच्या शहापूरच्या मेस्त्रींना घेऊन मी वडगावात एक गाडी बघायला गेलो होतो. मालक एकदम गोड माणूस, चहा, पाणी, "एक किक, फक्त एक किक मारा" म्हणून मागं लागला. मेस्त्रींनी किक मारलीच नाही. खाली बसले, इंजिनच्या पाकळ्यांवर तळहात टेकवला आणि मला म्हणाले, "हात लावून बघ की." गरम. आम्ही यायच्या आधी दहा मिनिटं चालवून ठेवलेली. गरम इंजिन कुठलंही एका किकमध्ये लागतंय, खरी परीक्षा सकाळच्या गारठ्यात, आणि आमच्या डिसेंबर-जानेवारीचा गारठा तुम्हाला माहितीच आहे.

थंड गाडी चालू केल्यावर सायलेन्सरच्या मागं उभं राहायचं. सकाळी जरा पांढरी वाफ आली तर घाबरायचं नाही, ते पाणी असतंय. निळसर धूर आला तर गाडी ऑइल पितेय. चालू करताना एक झाप धूर आणि मग बंद, तर वॉल्व सील गेलेत, ते एवढं मोठं काम नाही. पण गरम झाल्यावर पण ॲक्सिलेटर पिळला की धूर येतच राहिला तर रिंग पिस्टन, म्हणजे हाफ इंजिन, बोअर मारायला उद्यमबाग. काळा धूर म्हणजे पेट्रोल जास्त जातंय, कार्ब्युरेटर नाहीतर एअर फिल्टर, स्वस्तात होतंय. आवाजात वरनं बारीक टकटक असेल तर टॅपेट, ते सेट होतंय. पण खालनं, क्रँकच्या तिथनं, जड ठोकल्यासारखा आवाज येत असेल तर चहा घ्यायचा, नमस्कार करायचा आणि घरी यायचं.

मी मात्र इंजिनपेक्षा चासीला, म्हणजे गाडीच्या सांगाड्याला जास्त घाबरतो. इंजिन बांधून मिळतंय, वाकलेली चासी सरळ केली म्हणतात पण ती कधीच पहिल्यासारखी होत नाही. डबल स्टँडवर गाडी लावा, मागं चार पावलं जाऊन उकिडवं बसा आणि मागच्या चाकातनं पुढचं चाक बघा, एका ओळीत दिसलं पाहिजे. हँडलच्या मुंडीखाली, जिथं पाइप जोडलेत, तिथं नवीन वेल्डिंग किंवा तेवढाच भाग रंगवलेला दिसला तर गाडी कुठंतरी धडकलेली आहे. चासी नंबर पण तिथंच जवळपास असतोय, तो बुकावरच्या नंबराशी एक एक अक्षर लावून बघायचा, इंजिन नंबर पण. आरटीओत पेन्सिलनं त्याचा छाप घेतात, तिथं घासलेलं निघालं तर तुम्हीच अडकताय.

मग कुणाला तरी मागचं कॅरिअर दाबायला लावा म्हणजे पुढचं चाक उचललं जातंय, आणि हँडल एका बोटानं डावीकडं उजवीकडं फिरवा. मधोमध कुठं अडकल्यासारखं झालं तर कोन सेट, म्हणजे हँडलचं बेअरिंग गेलंय. शॉकअपच्या नळीवर ऑइलची ओली रिंग असेल तर ऑइल सील. ही दोन्ही कामं साधी आहेत, पण भाव पाडायला लई उपयोगी पडतात.

गाडी कुठली आहे त्यावर पण तिचे रोग ठरतात. चिकोडी-रायबाग भागातनं आलेली असेल तर दुधाची होती काय बघा. दोन्ही बाजूला चाळीस-चाळीस लिटरचे कॅन अडकवून दहा वर्षं चाललेली गाडी, तिच्या कॅरिअरच्या नटांच्या आजूबाजूला रंग गेलेला असतोय, मागचे शॉक बसलेले, स्पोक ढिले आणि मागचं चाक धरून आडवं हलवलं की स्विंग आर्मचा, म्हणजे मागचं चाक धरणाऱ्या दांड्याचा बुश खडखडतोय. इंजिन मात्र बऱ्याचदा चांगलं असतंय कारण दूधवाला माणूस ऑइल वेळेवर बदलतोय, त्याची रोजीरोटी आहे ती. उलट गोव्याची किंवा सावंतवाडी-वेंगुर्ल्याकडची ०७ ची गाडी दिसायला चकाचक, पण खारी हवा खाल्लेली. रिमच्या आत, स्पोकच्या मुळाशी, सायलेन्सरच्या पोटाखाली नख घालून बघा, पापडासारखा पत्रा निघतोय.

एक राऊंड मारायलाच पाहिजे. तुम्हाला चालवायला येत नसेल तर मेस्त्रीला मारू दे, तुम्ही मागं बसा. कपिलेश्वरच्या ओव्हरब्रिजवर टॉप गिअरमध्ये चढवून ॲक्सिलेटर दिला आणि इंजिन नुसतं ओरडतंय, गाडी काय ओढत नाही, तर क्लच प्लेट संपल्यात. मीटरवरच्या किलोमीटरवर विश्वास ठेवू नका, मीटर मागं घेतात नाहीतर केबल काढून ठेवतात. फुटरेस्टचं रबर, गिअरचा पाय आणि हँडलची ग्रिप बघा. मीटर अठरा हजार म्हणतोय आणि गिअरच्या पायावरचं रबर गुळगुळीत झालंय, तर कोण खोटं बोलतंय ते कळतंय.

कुठलं मॉडेल ते मी सांगणार नाही, त्यावर लोक भांडतात. एवढंच की १ एप्रिल २०२० पासनं बीएस ६ हा प्रदूषणाचा नवीन नियम आला आणि बहुतेक गाड्या इंजेक्शनवाल्या झाल्या. हातानं शिकायचं असेल तर त्याच्या आधीची कार्ब्युरेटरवाली १००-१२५ सीसी घ्या, कुठल्याही खेड्यात पान्यावर उघडतेय. पहिलीच गाडी २०० सीसी घेणाऱ्याला मी काय सांगू, त्याच्या आईला विचारा.

भाव ठरला की संचकार म्हणजे ॲडव्हान्स म्हणून हजार-दोन हजारच द्या आणि कागदावर सही घ्या. पूर्ण पैसे देताना नाव बदलायच्या फॉर्म २९ आणि ३० वर मालकाच्या सह्या, ओरिजिनल बुक, इन्शुरन्स, एमिशनचा कागद म्हणजे पीयूसी, त्याच्या आधारची झेरॉक्स आणि दोन्ही किल्ल्या हातात पाहिजेत. "नंतर देतो की, आपलीच माणसं" हे वाक्य ऐकलं की पैशाचं पाकीट परत खिशात. नाव लावायचं काम ३० दिवसांच्या आत करून टाका आणि इन्शुरन्स पण १४ दिवसात आपल्या नावावर करून घ्या. एचएसआरपी म्हणजे हाय सिक्युरिटी नंबर प्लेट नसेल तर ती पण.

गाडी घरी आली. आता लगेच सायलेन्सर, एलईडी, मॅग व्हील असलं काही सुचायला लागतंय, ते बाजूला ठेवा. पहिल्या रविवारी नुसती धुवायची. इंजिनला ब्रशनं डिझेल मारून चिखल काढा, आमच्या खानापूरकडची तांबडी माती असली तर दोनदा मारायला लागतंय, पण ब्रेकच्या ड्रमवर आणि टायरवर डिझेल जाऊ द्यायचं नाही. धुतल्यावर दोन दिवस चालवा आणि मग कुठनं ऑइल पाझरतंय ते दिसतंय.

पैसे खर्च करायचा क्रम असा, थांबवणारं आधी, पळवणारं नंतर. म्हणजे ब्रेक शू, ब्रेक केबल, टायर. टायरच्या बाजूला चार आकडे असतात, ३२१९ म्हणजे २०१९ चा ३२ वा आठवडा. नक्षी शिल्लक असली तरी सहा-सात वर्षांचं कडक झालेलं रबर आमच्या जुलैच्या पावसात साबणासारखं सरकतंय. स्प्लेंडरसारख्या गाडीला एकटं असताना हवा पुढं २५ आणि मागं २८, पंपवाला सगळ्यांना पस्तीस-चाळीस मारतोय, त्याला सांगायला लागतंय.

मग चेन. मागचं चाक हळूहळू फिरवून चेन जिथं सगळ्यात ताठ होते तिथं मधोमध बोटानं वर-खाली करायची, दोन-अडीच सेंटिमीटर हलली पाहिजे. जास्त ताणली तर बेअरिंग खातेय, ढिली असली तर उडून अडकतेय. ॲडजस्ट करताना दोन्ही बाजूच्या खुणा सारख्या ठेवा नाहीतर चाक तिरकं बसतंय. रॉकेल-डिझेलनं पुसून नव्वद नंबरचं ऑइल सोडा, आणि इंजिन चालू ठेवून फडकं लावायचं नाही, बोट जातंय, खरंच जातंय.

ऑइल बदलणं सोपं आहे आणि तिथंच मी माती खाल्ली. गाडी पाच मिनिटं गरम केली, खालचा बोल्ट काढला, काळं ऑइल परातीत घेतलं, इथपर्यंत बरोबर. बोल्ट परत लावताना गळायला नको म्हणून लांब पान्यावर जोर लावला. वडील अंगणातनं ओरडले, "कशाला आवळूलास रे एवढं?" आणि तेवढ्यात पाना एकदम हलका झाला. आटे गेले. इंजिनचं आवरण ॲल्युमिनियमचं असतंय, बोल्ट लोखंडाचा, कोण हरणार ते ठरलेलंच. दुसऱ्या दिवशी गाडी टेम्पोत घालून उद्यमबागेत, तिथं लेथवाल्यानं एक साइज मोठे आटे पाडून नवीन बोल्ट दिला. बोल्ट आधी बोटानं जाईल तेवढा फिरवायचा, मग आखूड पान्यानं घट्ट लागेपर्यंत, वॉशर नवीन. बस्स.

त्याच दिवशी प्लग काढून बघा. चहाच्या रंगाचा असेल तर इंजिन खूश आहे, काळा कोरडा असेल तर एअर फिल्टर झटका नाहीतर नवीन घाला, काळा ओला तेलकट असेल तर वरचा निळा धूर परत आठवा. बॅटरीला मल्टिमीटर लावा, बंद गाडीत साडेबारा व्होल्टच्या आसपास, चालू करून जरा रेस दिल्यावर साडेतेरा ते साडेचौदा. बंद गाडीत कमी आणि चालूत बरोबर असेल तर बॅटरी उतरलेली नाहीतर गेलेली असते. चालूत पण बारावरच राहिली तर चार्जिंगचं काम आहे, नवीन बॅटरी घालून पैसे घालवू नका.

लायसन्सचं राहिलंच. एलएल म्हणजे लर्निंग लायसन्स काढल्यावर ३० दिवसांनी टेस्ट देता येतेय आणि एलएल सहा महिने चालतंय. तो महिना गाडी गल्लीतनं आणि मोकळ्या मैदानातनं चालवा, क्लच आणि अर्ध्या ब्रेकची सवय होऊ दे. चोर्ला घाट आणि आंबोली पावसाळा संपेपर्यंत नको, मित्र कितीही म्हणाले तरी. पहिले पाचशे किलोमीटर झाले की सगळे नट-बोल्ट एकदा पान्यानं बघायचे, डबल स्टँडवर सपाट जागेत ऑइल लेव्हल बघायची, आणि कमी झालं असेल तर किती घातलं ते कुठंतरी लिहून ठेवायचं, मी सीटखालच्या कप्प्यात एक छोटी वही ठेवलीय.