अँगस्टेशन म्हणजे आकुंचन नव्हे! या चुका टाळा

वनस्पती किंवा कीटकांची वर्णने मराठीत आणताना ‘अँगस्टेट’ आणि ‘अँगस्टेशन’ हे शब्द क्वचितच भेटतात, आणि भेटले की हमखास चुकतात. मूळ लॅटिन शब्द ‘अँगुस्तुस’, म्हणजे अरुंद. एखादा अवयव एका टोकाकडे अरुंद होत गेलेला असला की तो ‘अँगस्टेट’, आणि त्या अरुंद होत जाण्याला म्हणायचे ‘अँगस्टेशन’. आपल्या रोजच्या बोलण्यातला ‘निमुळता’ हा शब्द इथे बहुतेक वेळा चपखल बसतो. तो साधा वाटतो म्हणून बाजूला सारायचा आणि त्याऐवजी ‘आकुंचित’ लिहायचे, इथूनच घोटाळा सुरू होतो.

आकुंचन ही क्रिया आहे. स्नायू आकुंचन पावतो आणि पुन्हा सैल होतो. धातू थंडीने आकुंचन पावतो, उष्णतेने प्रसरण. निमुळतेपणा ही घडण आहे. पान जन्मतःच तसे असते, ते आधी रुंद होते आणि मग आक्रसले असे काही घडलेले नसते.

हा फरक किती महागात पडतो ते सांगोला, मंगळवेढ्याकडच्या डाळिंबाच्या बागेत कळते. डाळिंबाच्या एकाच झाडावर दोन घडणींची फुले येतात. एक घंटेसारखे, देठाकडे निमुळते झालेले. हे नर फूल. दुसरे मडक्यासारखे, तळाशी फुगीर. फळ धरते ते हे. शंका असेल तर फूल ब्लेडने देठापासून वरपर्यंत उभे चिरावे. नर फुलात अंडाशय खुजे, जेमतेम दिसेल असे असते. दुसऱ्यात तळाचा फुगवटा अंडाशयानेच भरलेला असतो. आता सल्लापत्रात ‘फुलाचा तळ आकुंचित’ असे छापले, तर वाचणाऱ्याला वाटणार की फूल सुकते आहे, पाण्याचा ताण बसला किंवा फुलकिडे पडले. मग नको ती फवारणी होते. खरे तर नर फुले येणारच आणि गळणारच. तिथे ‘देठाकडे निमुळते’ एवढेच लिहायचे होते.

यात ‘देठाकडे’ हा शब्द गाळू नका. नुसते ‘निमुळते पान’ म्हटले की टोकाकडे की देठाकडे, हे कळत नाही, आणि ओळख पटवताना नेमके तेच लागते.

शास्त्रीय नावांत वेगळी चूक होते. तळ्याकाठच्या पाणकणसाच्या कुळातली ‘टायफा अँगस्टिफोलिया’ आणि ‘टायफा अँगस्टाटा’ ही नावे एकमेकांच्या जागी टाकली जातात. पहिल्याचा अर्थ अरुंद पानांची, दुसऱ्याचा अरुंद झालेली. अर्थ जवळचे असले तरी वनस्पती एक नव्हे. दुसरे नाव आता ‘टायफा डोमिंजेन्सिस’मध्ये धरतात, त्यामुळे जुन्या वनस्पतिसूचीतून नोंद उतरवताना हे तपासावे. आणि ‘अँ’चा ‘ऑ’ होऊ देऊ नका. लॅटिनमध्ये ‘ऑगुस्तुस’ म्हणजे पूज्य, थोर. रोमन लिपीत या दोन शब्दांत एकाच अक्षराचा फरक आहे, ‘एन’ आणि ‘यू’चा, आणि हाताने लिहिलेल्या चिठ्ठीवर ती दोन्ही अक्षरे सारखीच दिसतात.

दवाखान्याच्या कागदांत ‘अँगस्टेशन’ हा शब्द आणूच नये. तिथे जागेप्रमाणे शब्द ठरलेले आहेत: हृदयाच्या झडपेला किंवा मणक्यातल्या नलिकेला ‘स्टेनोसिस’, महाधमनीच्या जन्मजात अरुंदपणाला ‘कोआर्क्टेशन’, मूत्रमार्गाला ‘स्ट्रिक्चर’. मराठीत तिन्हींना ‘अरुंद होणे’ म्हणता येते, पण मूळ शब्द शेजारी देवनागरीत ठेवावा. ‘बंद’ मात्र लिहू नये. पूर्ण बंद झालेल्या नळीसाठी वेगळा शब्द आहे, ‘ऑक्लुजन’.

टक्केवारी उतरवताना तर फारच जपावे लागते. ‘५० टक्के स्टेनोसिस’ हा आकडा बहुधा व्यासाचा असतो. गोल नळीचा व्यास निम्मा झाला की वाट एक चतुर्थांश उरते, म्हणजे क्षेत्रफळ ७५ टक्के घटते. व्यास ७० टक्के घटला तर क्षेत्रफळ ९१ टक्के घटते. म्हणून ‘नळी ७० टक्के बंद’ असे न लिहिता ‘व्यास ७० टक्के कमी’ असे लिहा. अहवालात व्यास की क्षेत्रफळ हे दिलेच नसेल, तर मनाने न ठरवता तपासणी करणाऱ्यांना विचारा.