पोस्टमन येईल तेव्हा तुम्ही परसात असा

मी साताऱ्यात 38 वर्षं टपाल वाटलं. आधी सायकलवर, शेवटची काही वर्षं दुचाकीवर. शनिवार पेठ, यादोगोपाळ पेठ, नंतर सदर बझार. मनीऑर्डरी, रजिस्टर पत्रं, पेन्शनचे कागद. निवृत्त माणूस दिवसभर घरी काय करतो, हे मी स्वतः निवृत्त व्हायच्या कितीतरी आधी लोकांच्या उंबऱ्यावर उभा राहून बघितलंय.

माझ्या बीटवर, म्हणजे टपाल वाटायच्या माझ्या ठरलेल्या भागात, दोन तऱ्हेची म्हातारी माणसं होती. काही सकाळी दहापासून ओट्यावर खुर्ची टाकून बसायची. पत्र असो वा नसो, माझी सायकल दिसली की, "काय रे, काही आहे का?" मी मान हलवली की चेहरा पडायचा. दुसरी तऱ्हा म्हणजे मला हाका मारायला लावून दमवणारी. कडी वाजवावी तर आतून कुणीतरी सांगायचं, "मागं आहेत, वांग्यांत." मग मातीचे हात पायजम्याला पुसत यायची आणि पावतीवर सहीबरोबर चिखलाचं बोटही उमटायचं. यांच्यापायी मला दहा मिनिटं उशीर व्हायचा, कधी वैतागही यायचा, पण यांच्याकडचा चहा मी सहसा नाकारला नाही.

2021च्या फेब्रुवारीअखेर निवृत्त झालो आणि पहिले तीन महिने मीच ओट्यावरचा झालो. पेपर दोनदा वाचायचो. एक दिवस सौ. देवळात गेली असताना तिचे मसाल्याचे डबे काढले आणि टपाल लावतात तसे कप्पे पाडून लावून ठेवले. जिरं-मोहरी खाली, क्वचित लागणारं वर. संध्याकाळी तिला हिंग सापडेना. तिनं हात जोडले. "अहो, तुमची सॉर्टिंग बाहेर करा."

मग बाहेर काय काय केलं, ते सांगतो.

आठवड्याची कामं एका दिवशी उरकू नका

नोकरीत असताना रविवारी सगळी कामं एकदम उरकायची सवय लागलेली असते, ती आधी मोडा. बँक, दळण, वीजबिल, औषधं, चपलेचा अंगठा शिवणं, अशी कामं सहा वारांत वाटून घ्या. माझं दळण मंगळवारी, औषधं गुरुवारी. रोज सकाळी घराबाहेर पडायला एकच कारण हवं, पण ते खरं हवं. नुसतं "फिरायला जातो" म्हटलं की पावसात, थंडीत टाळाटाळ होते. दळण मात्र आणावंच लागतं. मी गिरणीत डबा ठेवून जुन्या बीटवरून चालत चक्कर मारतो, येताना पीठ घेऊन येतो. चाळीसेक मिनिटं जातात. अजिंक्यताऱ्यावर पहाटे चढणाऱ्यांचं मला कौतुक आहे, पण माझे गुडघे सायकलनं आधीच वापरून ठेवलेत.

परसबाग: थोडी, उंचावर आणि तांब्यानं

आमच्या घरामागं दहा बाय बारा फुटांची जागा आहे. पहिल्या वर्षी मी ती सगळी खणली आणि पाठ धरली. म्हणून सांगतो, सुरुवात चार कुंड्यांनी करा. त्याही जमिनीवर नकोत. विटांचे दोन थर रचून त्यावर फळी टाका आणि कुंड्या तिच्यावर ठेवा, म्हणजे कमी वाकावं लागतं. आईच्या वेळचा सिमेंटचा एक लहान हौद पडून होता. त्याच्या बुडाला भोकं पाडून मी तो विटांवर बसवला. त्याच्या काठाशी स्टूल घेऊन बसलं की सगळं हाताशी.

मातीत साधारण निम्मी माती आणि निम्मं कुजलेलं शेणखत किंवा घरचं कंपोस्ट घाला. वर मूठभर निंबोळी पेंड. नारळाच्या शेंड्या विस्कटून बुडाशी घातल्या की पाणी साचत नाही.

पहिलं पीक मेथीचंच घ्या. स्वयंपाकघरातलेच मेथीदाणे रात्री भिजत घाला, सकाळी ओळीत पेरा, वर बोटाच्या पेराएवढीसुद्धा माती नको, नुसती झाकली जाईल एवढीच. तिसऱ्या-चौथ्या दिवशी कोंब वर येतात आणि महिन्याभरात भाजी होते. कोथिंबिरीला धीर लागतो. धणे आख्खे टाकू नका, लाटण्यानं हलके रगडून प्रत्येकाचे दोन भाग करा, एक रात्र भिजवा, मग पेरा. उगवायला आठ-दहा दिवस लागतात. पाचव्या दिवशी माती उकरून बघायचा मोह होतो. मी उकरली होती. उकरू नका.

दुधीचं सांगायचं राहू नये, कारण मला त्यानंच वेड लावलं. वेल मांडवावर चढला, पांढरी फुलं लागली, आणि एकही दुधी धरेना. बोटाएवढे व्हायचे आणि पिवळे पडून गळायचे. बीटवरच्या त्या वांगीवाल्यांपैकी एकजण अजून आहेत, त्यांना विचारलं. ते म्हणाले, "संध्याकाळी सातला मांडवाखाली जा." दुधीचं फूल संध्याकाळी उमलतं. बारीक लांब देठावरचं ते नर, आणि ज्याच्या मागं लव असलेला इवलासा दुधी दिसतो ते मादी. नर फूल तोडायचं, पाकळ्या मागं दुमडायच्या, आणि मधला परागाचा भाग मादीच्या मध्यावर हळूच टेकवून फिरवायचा. पराग चिकटलेला नुसत्या डोळ्यांना दिसतो, चष्मा मात्र हवा. दोन-तीन दिवसांत तो इवलासा दुधी फुगायला लागला तर समजायचं, काम झालं. त्या वर्षी एका वेलानं इतके दिले की शेजारी मला बघून गेट लावून घ्यायचे.

पाणी पाइपनं घालू नका, तांब्यानं घाला. पाइपनं पाच मिनिटांत होतं, आणि ती पाच मिनिटं वाचवून तुम्ही करणार काय? तांब्यानं घालताना प्रत्येक झाडाशी थांबावं लागतं, पान उलटून बघता येतं. मावा पानाच्या पाठीमागून सुरू होतो. वेळेत दिसला तर लिटरभर पाण्यात पाच मिली कडुनिंबाचं तेल आणि साबणाच्या पाण्याचे चार थेंब, ऊन उतरल्यावर फवारायचं. आठवड्यानं पुन्हा.

कुंडी किंवा वीट उचलण्याआधी काठीनं हलवा. खाली विंचू असू शकतो. आणि धनुर्वाताचं इंजेक्शन कधी घेतलं होतं ते आठवत नसेल, तर डॉक्टरांना विचारून घेऊन टाका.

मुलाकडे चार रात्री

मुलगा पुण्याला असतो, अकराव्या मजल्यावर. निवृत्तीनंतर मी पहिल्यांदा गेलो तो तीन आठवड्यांसाठी, कारण आता रजा मागायची नव्हती. सुनेनं बाल्कनीत छोट्या छोट्या पांढऱ्या कुंड्यांत मांसल पानांची रोपं ठेवलेली होती. निवडुंगासारखी, कमी पाण्यावर जगणारी. मला ती तहानलेली वाटली. रोज सकाळी प्रत्येकाला अर्धा तांब्या पाणी. सहाव्या दिवशी पानं काचेसारखी झाली, आठव्या दिवशी बोट लावलं तर देठ लगदा. नऊ कुंड्यांतल्या सात गेल्या. सून म्हणाली, "असू दे अप्पा, रोपंच तर आहेत." ती ज्या आवाजात म्हणाली, तो मला अजून ऐकू येतो.

तेव्हापासून चार रात्री. पाचव्या दिवशी सकाळची गाडी, आणि परतीचं तिकीट जातानाच काढलेलं. कधी निघणार, हे त्यांना विचारावं लागत नाही आणि मला सांगावं लागत नाही. तिथं गेल्यावर एक काम स्वतःहून मागून घ्या आणि तेवढंच करा. माझ्याकडे नातीला शाळेच्या बसपर्यंत सोडणं आणि भाजी निवडणं. फ्रिज लावणं, पंखे बंद करत फिरणं, "आमच्या वेळी" हे सगळं साताऱ्यात ठेवून जायचं. जाताना घरची मेथी न्या, कंदी पेढे न्या, पण "याची भाजी आजच कर" म्हणू नका.

ती मंडळी आपल्याकडे येतात तेव्हाचं वेगळं. नात सहा वर्षांची आहे. हौदाचा डावा कोपरा तिचा. ती येणार त्याच्या आदल्या रात्री मी मेथ्या भिजत घालतो, ती आली की लगेच पेरायला लावतो. मेथीच का, ते आता कळलं असेल. चार दिवसांच्या सुट्टीत जे उगवतं, तेच मुलाला आपलं वाटतं. गेल्या दिवाळीत चौथ्या दिवशी सकाळी ती दात घासायचा ब्रश तोंडात ठेवूनच ओरडली, "आजोबा, आली!" पेस्टचा फेस सगळा मेथीवर. आंब्याची कोय लावून द्यायची चूक करू नका. पोर दोन दिवस बघतं आणि मोबाइलकडे वळतं.

नोव्हेंबरचा कागद

सरकारी पेन्शनवाल्यांना दर नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यावा लागतो. बँकेत रांग लावायची गरज नाही. पोस्टमन यंत्र घेऊन घरी येतो. माझ्या वेळी याचे 70 रुपये लागायचे. नोकरीच्या शेवटच्या वर्षी मीच हे काम केलं. सदर बझारातल्या एका आजींचं बोट यंत्र घेईना. आयुष्यभर भांडी-धुणी करून बोटांवरच्या रेषाच झिजलेल्या. कोमट पाण्यानं हात धुवून घेतले, पुसले, एकेक बोट लावत गेलो. डाव्या हाताच्या अनामिकेवर हिरवा दिवा लागला. त्या म्हणाल्या, "म्हणजे आहे म्हणायची मी." तेव्हा एका बोटानं झालं नाही तर घाबरू नका, दहा असतात. आता स्मार्टफोनवर चेहरा दाखवूनही दाखला देता येतो. पीपीओ नंबर (पेन्शनच्या आदेशावरचा), आधार आणि खात्याचा नंबर एका कागदावर लिहून कपाटाच्या दाराला आतून चिकटवा, आणि घरात आणखी एकाला दाखवून ठेवा.

एका दिवसाची सहल

महिन्यातून एकदा, आणि तीही मधल्या वारी. शनिवार-रविवार नोकरदारांना सोडा, त्यांना दुसरा दिवस नाही. 65 पूर्ण झाल्यावर एसटीत अर्धं तिकीट, 75 नंतर फुकट. बायकांना मार्च 2023 पासून कुठल्याही वयात अर्धं. त्यामुळे तीन वर्षं आमची सौ. खिडकीशी अर्ध्या तिकिटात बसायची आणि मी शेजारी पूर्ण पैसे मोजून. यंदा माझी पासष्टी झाली, आता बरोबरी आहे. आधार कार्ड जवळ ठेवा, वाहक मागतो.

पहिल्या सहलीला लांब जाऊ नका. आम्ही साताऱ्याजवळच्या लिंब गावाला गेलो होतो, बारा मोटांची विहीर बघायला. अठराव्या शतकात शाहू महाराजांच्या काळात वीरूबाई भोसल्यांनी ती बांधून घेतली. आठ बाजूंची, आणि विहिरीतच छोटा महाल काढलेला. 38 वर्षं साताऱ्यात राहून मी ती पाहिली नव्हती, लिंबच्या पत्त्याची पत्रं मात्र हजारो हाताखालून गेली असतील. फाट्यावर उतरून पुढं रिक्षा करा. उतरताना पायऱ्यांवर ऊन आणि सावली एकदम येतात, डोळे दिपतात, म्हणून तळाकडे बघत न जाता भिंतीला हात लावून उतरा.

दुसरी वाईची. ढोल्या गणपती, मग मेणवलीला नाना फडणवीसांचा वाडा आणि कृष्णेचा घाट. तिथल्या देवळातली ती मोठी घंटा चिमाजीअप्पांच्या वसईच्या मोहिमेतली, 1739 सालची. घाटावर बसून डबा खायचा, वाड्यात आधी जाऊन यायचं. उलटं केलं तर जेवून डोळे मिटतात आणि वाडा राहून जातो. औंधचं संग्रहालय तिसरं. बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी जमवलेली चित्रं आणि शिल्पं, दोन तास कमी पडतात. सुट्टीचा वार आधी विचारून घ्या. कासचं पठार सप्टेंबरात, तेही मंगळवार-बुधवारी, नाहीतर फुलांपेक्षा डोकी जास्त.

पिशवीत काय? दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी, कारण त्या संध्याकाळपर्यंत टिकतात. पाण्याच्या दोन बाटल्या, दुपारची गोळी कागदात बांधून, एक टॉवेल, नॅपकिन नव्हे, टॉवेल. बसायला लागतो. परतीची शेवटची गाडी कधीच धरू नका, तिच्या आधीची धरा, म्हणजे चुकली तरी एक हातात राहते.

आम्ही पाचपर्यंत घरी येतो. मी म्हणतो आधी कुंड्यांना पाणी, सौ. म्हणते आधी चहा. परवा वाईहून आलो तर पोस्टमन येऊन गेला होता, दाराच्या फटीत चिठ्ठी अडकवलेली. दोनदा हाका मारल्या म्हणे.