कन्याशाळा, मुलांची शाळा की सहशिक्षण : निवड करताना काय पाहावे

शाळा निवडताना बहुतेक पालक विचारतात, “मुलींसाठी किंवा मुलांसाठी स्वतंत्र शाळा चांगली की सहशिक्षणाची?” आणि घोळ तिथेच सुरू होतो. सर्वांना लागू पडेल असे या प्रश्नाचे उत्तर संशोधनातून निघालेले नाही. आवाक्यातल्या दोन-तीन शाळा आणि आपले मूल यांच्यापुरता तो विचारला, तर मात्र उत्तर मिळू शकते.

आधी निकाल तपासावा, कारण सर्वाधिक फसगत निकालावरूनच होते. एखाद्या कन्याशाळेचा निकाल उत्तम लागला की त्याचे श्रेय मुलींना वेगळे शिकवण्याला दिले जाते. परंतु अशा अनेक शाळा प्रवेश परीक्षा घेतात किंवा भारी शुल्क आकारतात, त्यामुळे तिथे येणारे विद्यार्थी मुळातच पुढे असतात. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका विश्लेषणात २१ देशांतील १८४ अभ्यास आणि सुमारे १६ लाख विद्यार्थी विचारात घेतले होते. ज्या अभ्यासांनी विद्यार्थ्यांमधील हे आधीचे फरक हिशेबात धरले होते, त्यांत दोन्ही प्रकारच्या शाळांमधील अंतर जवळपास उरलेच नाही. म्हणून शाळेकडे केवळ शेवटच्या परीक्षेचा निकाल न मागता, त्याच विद्यार्थ्यांची प्रवेशाच्या वेळची पातळीही विचारावी.

याला अपवाद दिसतो तो दक्षिण कोरियातील सोल शहरात. तिथे विद्यार्थ्यांना माध्यमिक शाळा सोडतीने मिळत असे, आणि तरीही स्वतंत्र शाळांतील विद्यार्थ्यांचे भाषांमधील गुण काहीसे सरस आढळले. त्रिनिदाद व टोबॅगोमधील २०१२ च्या अभ्यासात मात्र बहुतेक विद्यार्थ्यांना असा लाभ झाला नाही. तो झाला तो मुख्यतः ज्यांना स्वतंत्र शाळाच हवी होती अशा मुलींना. शिवाय कन्याशाळांतील मुलींनी विज्ञानाचे विषय कमी घेतल्याचेही त्यात दिसले. पालकांच्या दृष्टीने या दोन्ही गोष्टी मोलाच्या आहेत : मुलीची स्वतःची इच्छा विचारणे आणि विषयांची यादी तपासणे. कन्याशाळेत भौतिकशास्त्र व उच्च गणित पूर्ण वेळ शिकवायला शिक्षक आहेत का, आणि मुलांच्या शाळेत संगीत, नाटक, चित्रकला वेळापत्रकात आहे की फक्त माहितीपुस्तिकेत, हे स्पष्ट विचारावे. “मुलांचा आणि मुलींचा मेंदू वेगळ्या रीतीने शिकतो” असा दावा त्या पुस्तिकेत असेल, तर जरा सावध व्हावे. वर्ग वेगळे करण्याइतका आधार मेंदूविज्ञानात सापडलेला नाही.

सहशिक्षणाच्या शाळेत शक्य झाल्यास प्रयोगशाळेतील एक तास बसून पाहावा. चार जणांच्या गटात ब्युरेटची (द्रव मोजून सोडण्याच्या काचनळीची) तोटी कोणाच्या हातात आहे आणि नोंदवहीत आकडे कोण उतरवते आहे, हे दहा मिनिटांत कळते. प्रत्येक टेबलाशी मुलगेच प्रयोग करत असतील आणि मुली केवळ अक्षर चांगले म्हणून लिहीत असतील, तर कागदोपत्री शिक्षण सारखे असूनही प्रत्यक्षात ते सारखे नाही. शिक्षक मधेच कामे बदलून देत असतील, तर ती शाळा सजग आहे असे खुशाल समजावे. प्रश्न विचारल्यावर हात वर करणाऱ्यांपलीकडे शिक्षकांची नजर जाते का, तेही पाहावे.

चिडवाचिडवी आणि दादागिरी दोन्हीकडे असते. तिचे रूप तेवढे बदलते. तक्रार कोणाकडे करायची हे मुख्याध्यापकांना विचारण्याऐवजी व्हरांड्यातल्या एखाद्या विद्यार्थ्यालाच विचारावे. त्याने क्षणाचाही विचार न करता नाव सांगितले, तर व्यवस्था चालू आहे.

शेवटी, शाळेची परवानगी असेल तर मुलाला तिथे एक पूर्ण दिवस बसू द्यावे. घरी आल्यावर “आवडली का?” असे न विचारता मधल्या सुट्टीत तो कोणाबरोबर होता, ते विचारावे.