एकाच वेळी तीन परदेशी भाषा: पेरणी मागेपुढे करा

कपाशीत तुरीची ओळ घेता येते, कारण दोन्ही पिकांची जोमाची वेळ वेगळी असते. भाषांचंही तसंच आहे. जर्मन, जपानी आणि स्पॅनिश घरबसल्या सोबत शिकता येतात, पण तिन्हींचा पहिला धडा एकाच आठवड्यात उघडला तर दोन महिन्यांत तिन्ही सुटायची पाळी येते. सोबत शिका, सोबत सुरू करू नका.

भाषा निवडताना जुळ्या बहिणी टाळा. स्पॅनिश आणि पोर्तुगीज किंवा स्पॅनिश आणि इटालियन एकाच वर्षी घेतल्या की ओठावर आलेला शब्द नेमका कोणत्या भाषेतला, हेच कळत नाही. वर दिलेल्या तीन भाषा एकमेकींपासून पुरेशा दूर आहेत. २०२४ मध्ये महाराष्ट्र शासनाने जर्मनीच्या बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला, तेव्हापासून जर्मनची विचारणा गावागावांत आहे. म्हणून इथे जर्मन आघाडीला धरली आहे. तुमची गरज वेगळी असेल तर क्रम बदला, पद्धत तीच ठेवा.

पहिले चार महिने फक्त जर्मन, रोज ४५ मिनिटं. ओळख, वेळ, बाजार, घर या विषयांवर प्रत्येकी दहा वाक्यं न अडखळता बोलता आली की जपानीची २० मिनिटं जोडा. त्यानंतर दोन महिन्यांनी स्पॅनिशची १० मिनिटं, आणि तीही सुरुवातीला नुसती ऐकण्याची. एकूण सव्वा तास. त्यापेक्षा जास्त वेळ मिळाला तर तो आघाडीच्या भाषेलाच द्या.

आता सगळ्यात महत्त्वाचं: या भाषा इंग्रजीतून शिकू नका, मराठीतून शिका. बहुतेक ॲप इंग्रजीतून शिकवतात आणि मराठी माणसाच्या हातात असलेला फायदा तिथेच वाया जातो. स्पॅनिशमध्ये ‘मे गुस्ता ला नारांखा’ म्हणजे ‘मला संत्रं आवडतं’. संत्री अनेक झाली की ‘मे गुस्तान लास नारांखास’, ‘मला संत्री आवडतात’. क्रियापद माणसाप्रमाणे बदलत नाही, संत्र्याप्रमाणे बदलतं, अगदी मराठीसारखं. इंग्रजीतून आलेला विद्यार्थी इथे महिनाभर अडतो. (हा ‘नारांखा’ शब्दही आपल्या ‘नारंग’पासून फारसी-अरबीमार्गे स्पेनला पोचला आहे.) जर्मनमध्ये ‘मिअर इस्ट काल्ट’ म्हणजे ‘मला थंडी वाजते’, तिथेही ‘मी’ नाही, ‘मला’च आहे. जपानीत ‘वाताशी वा मिझू ओ नोमिमास’ म्हणजे मी पाणी पितो: आधी कर्ता, मग कर्म, शेवटी क्रियापद. ‘चा-ची-चे’चं काम तिथे एकटा ‘नो’ करतो आणि तो कधी बदलत नाही.

लिंगाच्या बाबतीत मात्र मराठी फसवते. जर्मनमध्येही तीन लिंगं आहेत, आणि घर, पाणी, पुस्तक तिथेही नपुंसकलिंगीच. एवढ्यावरून विश्वास ठेवला की सूर्य स्त्रीलिंगी निघतो आणि मुलगी चक्क नपुंसकलिंगी. म्हणून नाम कधीच एकटं लिहू नका. ‘डेअर’, ‘डी’, ‘डास’ यांपैकी जे असेल ते आधी, मग नाम. तिन्हींना शाईचे तीन रंग ठरवून घ्या.

उच्चारासाठी दोन ‘च’ लक्षात ठेवा. जर्मन झेड आणि जपानी ‘त्सु’ यांच्यात चाकातला च आहे, स्पॅनिश ‘चिको’त चहातला. स्पॅनिशचा ‘त’ आपल्या ताटातला, म्हणून ‘तोमाते’ म्हणा, टोमॅटोचा ट आणू नका. जर्मनमधला दोन टिंबांचा ‘यू’ देवनागरीत नाही: जीभ ‘ई’च्या जागी ठेवून ओठ ‘ऊ’सारखे करा. जपानीत ‘ओबासान’ म्हणजे काकू आणि ‘बा’ लांबवून ‘ओबाऽसान’ म्हणजे आजी. देवनागरीत लिहिलेले उच्चार पहिले दोन आठवडे चालतील, नंतर खोडून टाका, नाहीतर कान तयार होत नाही. जपानीची हिरागाना ही लिपी ४६ अक्षरांची आहे. रोज पाच अक्षरं, प्रत्येक दहादा हाताने लिहिलं, तर दहा दिवसांत ती होते. आ-ई-ऊ-ए-ओ, का, सा, ता, ना हा तिचा क्रम संस्कृत वर्णमालेच्या प्रभावातून आला असल्याने पाठ करायला जड जात नाही.

शब्दांसाठी अँकी हे कार्डांवरून उजळणी करून घेणारं ॲप वापरा. अँड्रॉइडवर ते फुकट आहे आणि नेटशिवाय चालतं. आघाडीच्या भाषेची रोज दहा नवी कार्डं, दुसरीची पाच, तिसरीची शून्य. एवढ्यावरही काही आठवड्यांत रोजची उजळणी शंभरच्या पुढे जाते. उत्साहात चाळीस कार्डं लावणाऱ्यांची उजळणी तीनशेवर जाते आणि ते ॲपच उघडायचं सोडून देतात. कार्डावर सुटा शब्द नको, छोटं वाक्य हवं.

भाषा एकमेकींत मिसळतील, घाबरू नका. तेलंगणाच्या सीमेवरच्या सिरोंच्यात लोक तेलुगू आणि मराठी दोन्ही बोलतात, कारण कोणाशी काय बोलायचं हे ठरलेलं असतं. तुम्हीही जागा ठरवा: जर्मन टेबलावर, जपानी सकाळी ओसरीत, स्पॅनिश वावरात. वह्या वेगळ्या ठेवा. एक भाषा सोडून दुसरी धरताना पाच मिनिटांचं अंतर ठेवा आणि आधी दोन मिनिटं नुसतं ऐका.

ऐकायचं साहित्य नेट चांगलं असेल तेव्हा उतरवून ठेवा. डॉइचे वेले या जर्मन प्रसारण संस्थेचे जर्मन धडे फुकट आहेत, एनएचके वर्ल्ड या जपानी प्रसारण संस्थेचे जपानी धडे हिंदीतूनही मिळतात. साध्या दर्जाच्या आवाजाला मिनिटाला अर्धा एमबी लागतो, म्हणजे वीस मिनिटांचा धडा दहा एमबीत बसतो. पंधरा-वीस सेकंदांचा तुकडा पाचदा ऐका, पाचदा सोबत म्हणा, मग स्वतःचा आवाज रेकॉर्ड करून मूळ आवाजाशी ताडून पाहा. रात्रपाळीच्या विजेवर ओलीत करताना धुऱ्यावर हे छान जमतं. फक्त इअरफोन एकाच कानात घाला, दुसरा कान रानडुकरांसाठी आणि सापासाठी मोकळा ठेवा.

पेरणी आणि कापूस वेचणीच्या दिवसांत नवी कार्डं शून्यावर आणा आणि तिन्ही भाषांची मिळून फक्त पंधरा मिनिटं उजळणी करा. वेचणी उलगली की पहिला आठवडा पाच नव्या कार्डांनी सुरुवात करा, दहावर दुसऱ्या आठवड्यात या.