ब्लूग्रासच्या वर्कशॉपला चालले? सोलो राहू द्या, आधी साथ शिकून घ्या

ब्लूग्रास, म्हणजे अमेरिकेतलं तारांच्या वाद्यांवरचं लोकवळणाचं संगीत, म्हटलं की बहुतेकांच्या डोळ्यासमोर तो भन्नाट स्पीडनं बँजो वाजवणारा माणूस येतो, आणि वर्कशॉपचा फॉर्म भरताना डोक्यात एकच असतं की शनिवार-रविवारात आपणही असंच वाजवून दाखवायचं. नाही होत भाऊ. दोन दिवसांत होऊ शकतं ते एवढंच की चार अनोळखी वादकांच्या गोलात बसून, कोणाच्या मधे न येता, लय न सोडता तुम्हाला साथ करता येईल. आणि अनुभवी माणसासमोर बसून शिकायची गोष्टही हीच आहे, कारण सोलो काय, घरी व्हिडिओ मागे-पुढे करून, स्पीड अर्धा करून बसवता येतो, पण तुमची साथ समोरच्याला आधार देऊन राहिली की त्याच्या वाटेत येऊन राहिली, हे व्हिडिओ थोडीच सांगणार.

थोडी पार्श्वभूमी, कारण शिकवणारे हे तुम्हाला माहीतच आहे असं धरून बोलतात. अमेरिकेतल्या केंटकीला ब्लूग्रास स्टेट म्हणतात, तिथला मँडोलिनवाला बिल मन्रो, त्यानं आपल्या बँडचं नाव ब्लू ग्रास बॉईज ठेवलं आणि पुढे या संगीतालाच ते नाव पडलं. डिसेंबर १९४५ मध्ये त्या बँडमध्ये अर्ल स्क्रग्स आला, त्याची तीन बोटांनी बँजो वाजवायची पद्धत आली, आणि आज आपण ज्याला ब्लूग्रास म्हणतो तो आवाज जमला. वाद्यं ठरलेली आहेत: मँडोलिन, पाच तारांचा बँजो, फिडल म्हणजे आपलं व्हायोलिनच, गिटार, उभा बास, आणि नंतर आलेला डोब्रो, हाही गिटारचाच एक प्रकार. आता यात काय नाही ते पाहा. ड्रम नाही, तालवाद्य म्हणून काहीच नाही. ठेका धरायचं काम या तारांच्या वाद्यांनीच आपसात वाटून घेतलंय, बास पहिल्या आणि तिसऱ्या ठोक्यावर, मँडोलिन दुसऱ्या आणि चौथ्यावर, गिटार दोन्ही सांधते, आणि म्हणून एक जण घसरला की सगळ्यांचीच लय जाते.

वाद्य कोणतं घ्यायचं? नागपुरात राहून सुरुवात करायची तर माझं मत गिटार नाहीतर मँडोलिन. गिटार सीताबर्डीवर मिळून जाते, स्टीलच्या तारांची अकूस्टिक घ्या, नायलॉनची नको, आणि पिकअप-बिकअपवर उगाच पैसे घालू नका. मँडोलिनला आठ तारा, दोन-दोनच्या चार जोड्या, जी-डी-ए-ई, म्हणजे वेस्टर्न व्हायोलिनचंच ट्युनिंग, त्यामुळे ते शिकलेल्यांची डाव्या हाताची बोटं अर्धी तयारच असतात. (आपले संगीतकार लक्ष्मीकांत मूळचे मँडोलिनवालेच, तेव्हा हे वाद्य काही परकं नाही.) ज्यांचं व्हायोलिन हिंदुस्थानी पद्धतीचं आहे, सा-प लावून, मांडी घालून वाजवायचं, त्यांनी त्याच तारा ओढून-ताणून जी-डी-ए-ई करू नये, तुटू शकतात, सरळ नवा सेट घाला. आणि वाद्य हनुवटीखाली धरायची सवय महिनाभर आधी लावा बाप्पा, नाहीतर अर्धं वर्कशॉप मान चोळण्यात जाईल.

बँजोचं जरा जपून. दुकानात नुसतं बँजो मागितलं तर आपल्याकडे टाईपरायटरसारखी बटणं असलेला बुलबुलतरंग काढून ठेवतील. तुम्हाला पाहिजे पाच तारांचा, मागे लाकडी रेझोनेटर, म्हणजे आवाज पुढे फेकणारं झाकण, असलेला. त्याची पाचवी तार आखूड असते आणि तिची खुंटी वर डोक्याला नसून दांडीच्या मधेच, पाचव्या फ्रेटपाशी असते (फ्रेट म्हणजे दांडीवरचे आडवे धातूचे उंचवटे). ऑनलाइन फोटो पाहताना आधी ती खुंटी शोधा, नसेल तर तो चार तारांचा टेनर बँजो आहे, त्यावर हे होत नाही. माझं विचाराल तर पहिल्याच वर्कशॉपसाठी बँजो विकत घेऊ नका, आयोजकांना फोन करून विचारा वापरायला मिळतो का. डोब्रो मांडीवर आडवा ठेवून स्टीलचा बार फिरवून वाजवतात, विश्वमोहन भट्टांची मोहनवीणा पाहिली असेल तर हात कसा चालतो ते लगेच कळेल, पण सुरुवातीला त्याच्या नादी लागू नका.

जायच्या आधी घरी करायचं काम फार नाही. जी, सी, डी हे तीन कॉर्ड मेट्रोनोम, म्हणजे ठोके मोजून देणारं यंत्र किंवा अ‍ॅप, लावून न अडखळता बदलता आले पाहिजेत, बस. हार्मोनियमवाल्यांसाठी सांगतो, जी म्हणजे पांढरी पाच आणि ए म्हणजे पांढरी सहा. वर्कशॉपमध्ये बरेचदा कॉर्डचं नाव घेतच नाहीत, नुसते आकडे ओरडतात, वन, फोर, फाइव्ह. म्हणजे सा, म आणि प वर उभे राहणारे कॉर्ड. पट्टी जी असेल तर जी-सी-डी, पट्टी ए झाली की ए-डी-ई. ज्यांनी थोडीफार सरगम घोटलीय त्यांना हे पाच मिनिटांत समजतं, ज्यांनी क्लासमध्ये नुसते शेप पाठ केले ते गोंधळतात. गिटारवाले दुसऱ्या फ्रेटवर कॅपो, म्हणजे सगळ्या तारा एकत्र दाबणारा चिमटा, लावून जीचेच शेप वाजवतात आणि ए निघतो, तेव्हा कॅपो विसरू नका. बँजोवाल्याला कॅपोसोबत पाचवी तारही चढवावी लागते, त्यासाठी सातव्या फ्रेटपाशी एक बारीक खिळा ठोकलेला असतो, तार त्याखाली अडकवायची.

आता प्रत्यक्ष शिकणं. पहिली गोष्ट, कागद मागू नका. टॅब, म्हणजे कुठल्या तारेवर कुठला फ्रेट ते लिहिलेला कागद, नंतर मिळते कधीकधी, पण हे लोक कानानं शिकवतात, एक तुकडा वाजवतात आणि तुमच्याकडे पाहतात. आपल्याकडे गुरुजी म्हणतात आणि आपण मागून म्हणतो तसंच आहे हे, आणि तरी इंग्रजीत शिकवायला लागले की आपली पोरं वही का उघडतात कोण जाणे. तुकडा आधी गुणगुणून घ्या, तोंडात बसला की मग तारेवर शोधा. शिकवणारे बहुतेक नावानेच हाक मारा म्हणतात, आपल्या जिभेवर येत नाही, सर म्हटलं तरी कोणी रागवत नाही.

मँडोलिनचा चॉप, म्हणजे दुसऱ्या-चौथ्या ठोक्यावरचा तो तुटक कॉर्ड, मात्र अगदी जवळ बसून पाहा, कारण साथीचा कणा तोच. धरमपेठेत एका हॉलमध्ये असा एक गट बसला होता, तिथं शिकवणाऱ्यानं एका कॉलेजच्या मुलीला डाव्या हातानं कॉर्ड धरायला सांगितला आणि तिच्याच मँडोलिनवर स्ट्रोक स्वतः मारायला लागला, म्हणाला तू फक्त दाब आणि सोड. ती दाबून ठेवायची, कॉर्ड टणटणत राहायचा. त्यानं तिची बोटं तारेवरून उचलू दिली नाहीत, फक्त दाब काढायला लावला, स्ट्रोक पडल्यापडल्या, आणि एकदम चक असा कोरडा, बंद आवाज आला. अख्खी खोली हसली कारण सगळ्यांनाच तो फरक एकदम ऐकू आला. जीचा मोठा चॉप ७-५-२-३ अशा फ्रेटवर असतो, करंगळीचे हाल होतात, लहान हात असेल तर लाजू नका, तीन तारांचा छोटा शेप विचारून घ्या, साथीला तोही चालतो.

बँजोवर अंगठ्यात प्लास्टिकचं पिक, म्हणजे तार छेडायची नखी, आणि दोन बोटांत धातूची पिक्स घालतात, धातूची पिक्स नखावर नाही, बोटाच्या आतल्या बाजूला आली पाहिजेत, नवे लोक हमखास उलटी घालतात. करंगळी आणि अनामिका खाली कातड्यावर टेकलेली. पहिला रोल, म्हणजे बोटांचा ठरलेला फिरता क्रम, शिकवतात त्यात तारांचा क्रम ३-२-५-१-४-२-५-१, बोटं अंगठा-तर्जनी-अंगठा-मधलं अशी आलटून पालटून. आठ नोटा, आठही सारख्या अंतरावर, केहरवा मोजत बसलात तरी जमेल. पुढचा फॉरवर्ड रोल तीन-तीन-दोन असा पडतो आणि मजा तिथंच आहे, पण पहिला रोल झोपेत वाजेपर्यंत तिकडे जाऊ नका. गिटारवाल्यांनी खर्जाची एक नोट आणि मग खाली एक स्ट्रोक, बूम-चक, एवढंच, भरभर स्ट्रमिंग करू नका. फिडलवाल्यांनी गजाचा शफल विचारून घ्यावा, एक लांब दोन छोटे.

प्रश्न विचारताना "सर इम्प्रूव्ह कसं करू" असं विचारलं तर उत्तर येणार प्रॅक्टिस करा. त्यापेक्षा वाजवून दाखवा आणि विचारा की सीवरून डीवर जाताना माझा चक उशिरा पडून राहिला का. मग तो माणूस तुमच्या मनगटाकडे पाहील, पिक कशी धरलीय ते पाहील, आणि पैसे वसूल होतील. रेकॉर्डिंग विचारल्याशिवाय करू नका, विचारलं तर बहुतेक हो म्हणतात, आणि अख्खा तास नको, त्यानं हळू वाजवलेला तुकडा आणि स्पीडमध्ये वाजवलेला तुकडा एवढंच घ्या.

संध्याकाळी जॅम असतो, तिथं पळून जाऊ नका, दिवसभर शिकलं ते त्याचसाठी. सगळे गोल करून बसतात किंवा उभे राहतात, गाणं सुरू करणारा पट्टी सांगतो, मग एकेकाची पाळी येते, त्या सोलोला ब्रेक म्हणतात. तुमची पाळी आली आणि नको असेल तर मान हलवून पुढच्याकडे बोट करा, कोणी काही म्हणत नाही. गाणारा गात असताना किंवा दुसऱ्याचा ब्रेक चालू असताना आवाज खाली, गाणाऱ्याचे शब्द ऐकू येत नसतील तर तुम्ही जोरात वाजवताय. कॉर्ड हरवला तर गिटारवाल्याच्या डाव्या हाताकडे पाहा, तेही कळत नसेल तर तारा बंद करून नुसता चक चालू ठेवा. आणि सुरू करणाऱ्यानं पाय उचलला की समजा गाणं संपत आलं, तेवढ्यावर लक्ष ठेवलं नाही तर सगळे थांबतात आणि तुमचं एकट्याचं चालू असतं.

नागपूरकरांसाठी वेगळं प्रकरण म्हणजे हवा. लाकडी वाद्याला साधारण ४५ ते ५५ टक्के आर्द्रता मानवते, आपल्याकडे मे महिन्यात बाहेर हवा पार कोरडी आणि घरात कूलरसमोर चिंब ओली, म्हणजे वाद्याचे दोन्हीकडून हाल. कूलरच्या झोतात वाद्य ठेवू नका, केसमध्ये बंद ठेवा, आणि उभ्या कारच्या डिक्कीत तर दहा मिनिटंही नको, सरस सुटतो, ब्रिज उचलला जातो. वर्कशॉप उन्हाळ्यात असेल तर कूलर दूर लावायला सांगा, त्या घरघरीत ट्युनिंगही धड ऐकू येत नाही, क्लिपवाला ट्युनर घेऊन जा. मुंबई-पुण्याला किंवा बंगळुरूला जाणार असाल तर रेल्वेत वरचा बर्थ घ्या आणि वाद्य डोक्याशी ठेवा, सीटखाली कोणाची पेटी येऊन आदळेल सांगता येत नाही.

परत आल्यावर आठवडाभरात चार जण जमवा, नाहीतर हाताला आलेलं निघून जाईल. नागपुरात उभा बास मिळणं कठीण आहे, तर कोणाकडे बास गिटार असेल त्यालाच बोलवा, छोट्या अँपवर आवाज कमी ठेवून, पहिल्या ठोक्यावर त्या-त्या कॉर्डचा सा आणि तिसऱ्यावर त्याचाच प एवढंच वाजवायला सांगा, जास्तीची कलाकुसर करू देऊ नका त्याला. कट्टर ब्लूग्रासवाले इलेक्ट्रिक बासला नाक मुरडतात, मुरडू द्या.