दोन खोल्यांची शाळा नव्याने आखताना

विदर्भातल्या गावातली जिल्हा परिषदेची शाळा म्हणजे बहुतेक ठिकाणी दोन खोल्या, पुढे पडवी, एका कडेला पोषण आहाराचं स्वयंपाकघर आणि मैदानात झेंड्याचा ओटा. पट साठाच्या आत, शिक्षक दोन, इयत्ता चार. शिक्षण हक्क कायदाही प्राथमिकला ६० मुलांपर्यंत दोन शिक्षक आणि प्रत्येक शिक्षकामागे किमान एक खोली एवढंच मागतो. म्हणजे एका खोलीत दोन इयत्ता बसणार हे धरूनच चालायचं.

अशा शाळेला ‘आधुनिक’ करायला पैसे आले की पहिला खर्च टीव्हीवर होतो आणि दुसरा रंगावर. हा क्रम उलटा करा. आधी उन्हाचा आणि पाण्याचा बंदोबस्त, मग हवा-उजेड, मग बसण्याची रचना आणि उपकरणं सगळ्यांत शेवटी. तापलेल्या खोलीत मूल फळ्याकडेही बघत नाही आणि पडद्याकडेही.

आधी नुसतं बघा

इंजिनिअरला बोलावण्याआधी शाळेचा एक नकाशा स्वतः काढा. चौथीच्या मुलांना टेप देऊन खोल्या मोजायला लावा; लांबी-रुंदीचा पाठही त्यात होऊन जातो. नकाशावर उत्तर दिशा दाखवा. मग सकाळी आठ, अकरा, दुपारी दोन आणि चार वाजता ऊन कुठवर येतं, ते वेगवेगळ्या रंगांनी भरा. पावसात कुठे गळतं, फळ्यावर कुठल्या कोपऱ्यातून चकाकी येते, दप्तरं कुठे पडतात, मधल्या सुट्टीत मुलं आपणहून कुठे जाऊन बसतात, हेही त्यावर आलं पाहिजे. मुलं जिथे आपणहून बसतात, ती जागा बहुधा शाळेतली सगळ्यांत थंड जागा असते. पुढचं बरंच काही तिथूनच ठरतं.

शौचालयाबद्दल मुलींना वेगळं विचारा, आणि विचारणारी बाईच असू द्या. स्वयंपाक करणाऱ्या ताईंनाही विचारा. धूर कुठे जातो आणि तांदळाच्या पोत्याला उंदीर कुठून लागतात, हे त्यांच्याइतकं कुणालाच माहीत नसतं.

कागद गोळा करा

शाळा ज्या जागेवर उभी आहे, ती कागदावर कुणाच्या नावाने आहे ते ग्रामपंचायतीत आणि तलाठ्याकडे तपासा. गावात कुणीतरी पूर्वी तोंडी दिलेली जागा, नोंद नाही, आणि त्यामुळे अडलेला प्रस्ताव, हे प्रकार दुर्मीळ नाहीत. एखादी खोली शिकस्त, म्हणजे वापरण्याजोगी नसेल, तर तिचं निर्लेखन, म्हणजे सरकारी नोंदीतून ती रीतसर कमी करणं, झाल्याशिवाय ती पाडता येत नाही. तो प्रस्ताव सगळ्यांत आधी पाठवा, कारण वेळ तिथेच जातो.

नंतर शाळा व्यवस्थापन समितीची सभा घ्या. समितीत तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या महिला असतात, आणि शाळा विकास आराखडा तयार करणं हे कायद्याने तिचंच काम आहे. तुमचा नकाशा त्या आराखड्यात जोडा, ठराव घ्या आणि मग केंद्रप्रमुख, गटशिक्षणाधिकारी व बांधकाम विभागाच्या अभियंत्याकडे जा. अंदाजपत्रक आणि तांत्रिक मान्यता त्यांच्याकडून होते. भिंत पाडणं, खिडकी मोठी करणं किंवा स्लॅबवर वजन टाकणं मिस्त्रीच्या भरवशावर कधीच करू नका.

काळी माती ओळखा

यवतमाळ, अमरावती, अकोला, वर्धा या पट्ट्यातली काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आकसते. इमारतही तिच्याबरोबर हलते. खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी निघालेली भेग मे महिन्यात रुंदावत असेल आणि ऑगस्टमध्ये मिटत असेल, तर दोष बहुधा मातीत आहे; वरून कितीही प्लास्टर केलं तरी ती पुन्हा उघडेल. भेगेच्या दोन्ही बाजूंना पेन्सिलने खूण करा, मधलं अंतर तारखेसकट लिहा आणि वर्षभर मोजत राहा. अभियंत्याला याचा खरा उपयोग होतो.

अशा मातीत पायाशी ओल वर्षभर सारखी राहिली पाहिजे. म्हणून जोत्याभोवती निदान तीन फूट रुंद, बाहेर उताराची फरशी करा, तिच्याबाहेर नाली काढा आणि छताचं पाणी पाइपने त्या नालीत सोडा. नळाची तोटी भिंतीला चिकटून ठेवू नका. नवी खोली जोडायची असेल तर जुन्या भिंतीत सळया घुसवून नको. दोघांचे पाये वेगळे आणि मध्ये सांधा असू द्या. सावलीसाठी कडुनिंब किंवा करंज लावायचाच, पण भिंतीपासून १५-२० फूट लांब, कारण मोठं झाड पायाखालची ओल शोषतं. वड-पिंपळ तर मैदानाच्या पार टोकाला.

भंडारा, गोंदिया, गडचिरोलीकडे गोष्ट वेगळी. बुलढाण्याच्या मानाने गडचिरोलीत पाऊस दुपटीच्या जवळपास पडतो, त्यामुळे तिथे उंच जोतं, रुंद पाखं आणि तिरप्या पावसापासून बचाव आधी बघायचा.

छत

नागपूरच्या आसपास २६ मेच्या सुमारास दुपारी सूर्य थेट डोक्यावर येतो आणि सावली नाहीशी होते. उन्हाळ्यात सगळ्यांत जास्त ताप छत घेतं, ते यामुळेच. (गंमत अशी, की हा प्रयोग दाखवायला त्या दिवशी शाळा सुरू नसते. जुलैच्या मध्यात सूर्य परत डोक्यावर येतो, तेव्हा शाळा असते, पण आभाळ असतं.)

स्लॅब असेल तर आधी गळती काढा, पाणी साचणार नाही असा उतार करा, मग पांढरा थर द्या. पैसे असतील तर फुटक्या पांढऱ्या टाइल्सचा, नसतील तर डिंक मिसळलेल्या चुन्याचा. चुन्याचा थर पावसात धुऊन जातो. दरवर्षी फेब्रुवारीच्या अखेरीस तो पुन्हा द्यावा लागेल, आणि हे काम गावाने लोकवर्गणीतून स्वतःकडे घेण्यासारखं आहे.

पत्र्याचं छत असेल तर खाली बांबूच्या तट्ट्यांचं दुसरं छत करा आणि दोन्हींमध्ये हवा खेळायला जागा ठेवा. उष्णता अडते आणि पावसाचा तडतडाटही कमी होतो. नाहीतर जुलैमध्ये शिक्षकाचा आवाज दुसऱ्या रांगेपलीकडे जात नाही. बांबूला बोरॅक्स-बोरिक अ‍ॅसिडची प्रक्रिया केलेली असली पाहिजे, नाहीतर कीड आणि वाळवी लागते. स्वयंपाकघरावर मात्र तट्टा नको. चंद्रपूरजवळ चिचपल्लीला बांबू संशोधन व प्रशिक्षण केंद्र आहे. पूर्व विदर्भातल्या शाळांनी तिथे चौकशी करावी. जुने अ‍ॅस्बेस्टॉस सिमेंटचे पत्रे असतील तर ते कापू, घासू किंवा फोडू नका. त्यांची धूळ फुप्फुसाला घातक असते.

खिडक्या आणि पडवी

आपल्याकडे मुलं जमिनीवर बसतात आणि खिडकी सुरू होते साडेतीन फुटांवर. वारा मुलांच्या डोक्यावरून निघून जातो. शक्य असेल तिथे खिडकीची तळकड दीड-दोन फुटांवर आणा, जाळी लावा, आणि समोरासमोरच्या भिंतींत उघडी जागा ठेवा. छतालगत गरम हवा बाहेर जायला झरोके हवेत.

दक्षिणेच्या खिडकीला छज्जा पुरतो. पश्चिमेचं ऊन खालून तिरपं येतं, तिथे छज्जा काही करत नाही. पडवी, जाळीची भिंत किंवा वेल लागतो. सेवाग्रामच्या कुट्या एकदा निवांत बघून या. मातीच्या भिंती, कवेलूचं छत, रुंद पडव्या. जाताना अभियंत्यालाही सोबत न्या.

एका खोलीत दोन इयत्ता

खरं आरेखन इथे आहे. एक इयत्ता शिक्षकाकडून शिकत असताना दुसरी काय करते? फळा एकच असेल तर ती वाट बघते. म्हणून खोलीला एक तोंड न ठेवता दोन ठेवा: मुख्य फळा एका भिंतीवर, दुसरा समोरच्या किंवा शेजारच्या भिंतीवर. उरलेल्या भिंतींना जमिनीपासून फूटभर वर सुरू होऊन साडेतीन फुटांपर्यंत जाणारा, खिडक्या-दारं सोडून सलग काळा पट्टा द्या, प्रत्येक मुलाच्या वाट्याला दोन हात जागा येईल इतका. पाटीवर एकट्याने केलेली बेरीज आणि भिंतीवर शेजाऱ्याच्या डोळ्यांदेखत केलेली बेरीज यांत फरक पडतो. चुका मुलंच एकमेकांच्या काढतात.

वाचनाचा कोपरा सर्वांत उजेडाच्या जागी, पुस्तकं कुलूपबंद कपाटातून काढून मुलाच्या छातीइतक्या उंचीच्या फळीवर, मुखपृष्ठ समोर दिसेल अशी. पुस्तकं फाटतील, फाटू द्या. पडवीला कठड्याऐवजी बसता येईल असा रुंद कट्टा करा. गटकार्याची तिसरी खोली फुकट मिळते. विजेची बटणं मात्र पाच फुटांच्या वर.

भिंतीवरच्या चित्रांबद्दल थोडा हात आखडता घ्या. इमारतीलाच शिकवण्याचं साधन करायची ‘बाला’ ही कल्पना चांगली आहे: दाराखाली कोन, खांबावर उंचीची पट्टी, पडवीत संख्यारेषा. पण मुलाचा हात लागतो तेच उपयोगाचं. छताजवळचे सुविचार कुणी वाचत नाही. रंगवण्याआधी पेंटरचा मजकूर शिक्षकांनी तपासावा, चुकीचा ऱ्हस्व-दीर्घ भिंतीवर अनेक वर्षं टिकतो. मेळघाटात कोरकू, गडचिरोलीत गोंडी-माडिया, यवतमाळमध्ये कोलामी बोलणारी मुलं असतील तर चित्राखाली मराठीसोबत घरातला शब्दही हवा.

उतार, पाणी, वीज

रॅम्पचा उतार एकास बारा: जोतं दीड फूट असेल तर रॅम्प १८ फूट लांब. रुंदी चार फूट, दोन्ही बाजूंना कठडे. त्याहून तीव्र रॅम्पवरून चाकाची खुर्ची स्वतः चढवता येत नाही. हात धुण्याच्या तोट्या दोन उंचींवर ठेवा, आणि त्यांचं पाणी परसबागेत जाऊ द्या.

आता टीव्ही. खिडकीसमोरची भिंत सोडा, पडद्यावर चकाकी येते. एक किलोवॅटचे सौर पॅनेल उन्हाच्या दिवशी साधारण चार युनिट देतात. साधा पंखा ७०-७५ वॅट घेतो, कमी वीज खाणारा बीएलडीसी पंखा तीसेक. पंखे बदलले तर तेवढ्या विजेत टीव्हीही चालतो. टॅबलेट ठेवणार असाल तर चार्जिंगचं कुलपाचं कपाट आणि अर्थिंग आधी करा. वीज पडण्याचं प्रमाण आपल्याकडे जास्त, म्हणून वीजरोधक अंदाजपत्रकात टाकाच.

पैसा आणि वेळापत्रक

एकाच निधीची वाट बघू नका. पाणी व स्वच्छतेची कामं ग्रामपंचायत विकास आराखड्यात ग्रामसभेत टाका, खोल्यांची मोठी दुरुस्ती समग्र शिक्षा किंवा जिल्हा वार्षिक योजनेतून मागा. खाणींच्या जिल्ह्यांत खाणबाधित भागासाठी असलेल्या जिल्हा खनिज प्रतिष्ठानच्या निधीत शिक्षणाला अग्रक्रम असतो. चुना, फळ्या, वाचनकोपरा लोकवर्गणीतून.

सगळं काम मे महिन्यात उरकायचा मोह होतो, कारण सुट्टी असते आणि विदर्भात शाळा जूनच्या अखेरीस उघडते. पण मे महिन्यात गावाला प्यायला पाणी नसतं, तिथे काँक्रीटला दहा दिवस पाणी कोण मारणार? सिमेंटची कामं दिवाळीच्या सुट्टीत आणि हिवाळ्यात, एकेक खोली रिकामी करून घ्या. सुतारकाम आणि रंग मे महिन्याला ठेवा.

ठेकेदाराची सुरक्षा अनामत दोषदायित्वाचा कालावधी, म्हणजे कामातले दोष त्याने स्वतः दुरुस्त करून द्यायची मुदत, संपेपर्यंत अडकलेली असते. पहिल्या मोठ्या पावसात प्रत्येक गळतीचा आणि साचलेल्या पाण्याचा तारखेसह फोटो काढा, समितीच्या पत्रासोबत बांधकाम विभागात द्या आणि पोचपावती घेऊन फाइलला लावा.