काउंटी सुपरवायजर व्हायचंय? आणि मग परत निवडून पण यायचंय? (लाउडनवाल्यांसाठी)

आईला फोनवर सांगितलं की शनिवारी सुपरवायजरच्या प्रचाराला जातोय, तर ती म्हणाली "अरे सुपरवायजरचा कसला प्रचार, तो मुकादमच ना?" तिचं काय चुकलं, शब्दच तसा आहे. म्हणून आधी तेवढं सांगून टाकतो. लाउडन ही वॉशिंग्टनजवळची व्हर्जिनियातली काउंटी, आणि व्हर्जिनियात काउंटी बोर्डाच्या मेंबरला सुपरवायजर म्हणतात. आपल्याकडचा जिल्हा परिषद सदस्य आणि नगरसेवक एकत्र केले तर जे होईल साधारण तसं, फक्त जमिनीच्या बाबतीत याच्या हातात फार जास्त असतं. कुठल्या शेतावर घरं होणार, कुठे डेटा सेंटर, कुठे काहीच नाही, हे शेवटी हे नऊ जण हात वर करून ठरवतात.

नऊ म्हणजे आठ डिस्ट्रिक्टचे (काउंटीतले वॉर्डच म्हणा) आठ, आणि एक चेअर जो अख्ख्या काउंटीतून निवडून येतो. २०२० च्या जनगणनेत लाउडनची लोकसंख्या ४ लाख २० हजारांच्या वर होती, म्हणजे एका डिस्ट्रिक्टला साधारण ५२ हजार माणसं. टर्म चार वर्षांची, सगळ्या जागा एकदम, आणि इलेक्शन विषम वर्षात. २०१९ झालं, २०२३ झालं, पुढचं नोव्हेंबर २०२७. किती वेळा उभं राहायचं याला मर्यादा नाही, लोक देत असतील तर वीस वर्षं बसा.

मी स्वतः कधी उभा राहिलेलो नाही, दारं वाजवणारा माणूस आहे. पण दोन प्रचार आतून बघितल्यावर एक कळलं, की पहिल्यांदा निवडून यायला लाट पण पुरते, दुसऱ्यांदा मात्र लोक तुमचं वागणं आठवून मत देतात. खाली जे लिहिलंय ते त्याच हिशोबाने वाचा.

आधी आपण बसतो का ते बघा

उभं राहायला सिटिझन पाहिजे, इथला मतदार पाहिजे, व्हर्जिनियात वर्षभर राहिलेला पाहिजे आणि ज्या डिस्ट्रिक्टमधून उभं राहायचं तिथलाच रहिवासी पाहिजे. ग्रीन कार्डवाल्यांना मत नाही, रजिस्ट्रेशन पण नाही, आणि हे मी मुद्दाम लिहितोय कारण डीएमव्हीत (ड्रायव्हिंग लायसन्सच्या ऑफिसात) घाईत चुकीच्या चौकोनावर टिक मारून नंतर सिटिझनशिपच्या वेळी घाम फुटलेली माणसं मला माहिती आहेत. ग्रीन कार्डवर देणगी देता येते. एच-वन (नोकरीच्या व्हिसा) वर देणगी द्यायची नाही, अगदी वीस डॉलर सुद्धा नाही, पण फुकट काम करता येतं, पाट्या लावा, फोन करा, दारं वाजवा.

आपल्याकडे फेडरल नोकरीतले लोक पण बरेच आहेत. त्यांना हॅच ॲक्टमुळे पक्षाच्या तिकिटावर उभं राहता येत नाही. पण वॉशिंग्टनच्या आसपासच्या काही ठिकाणांना सूट आहे आणि त्या यादीत लाउडन आहे, तिथे स्थानिक इलेक्शनला अपक्ष म्हणून राहता येतं. तरी आपल्या ऑफिसच्या एथिक्सवाल्यांना विचारून लेखी घ्या, व्हॉट्सॲप ग्रुपवरच्या काकांचं ऐकून नाही (मी पण त्यातलाच एक काका हे मान्य).

कागदपत्रं

सह्या लागतात १२५, तुमच्याच डिस्ट्रिक्टमधल्या मतदारांच्या, इलेक्शनच्या वर्षाच्या १ जानेवारीपासून गोळा करता येतात. १२५ म्हणजे दोनशे गोळा करा. कारण बरेच लोक शेजारच्या डिस्ट्रिक्टचे निघतात आणि त्यांनाच ते माहिती नसतं, त्यातून २०२० च्या जनगणनेनंतर नकाशा बदलला, ब्लू रिज डिस्ट्रिक्ट गेलं आणि लिटल रिव्हर आलं, त्यामुळे जुन्या लोकांचा गोंधळ अजून आहे. थंडीत ग्रोसरीच्या दुकानाबाहेर उभं राहून सह्या घेणं हा प्रकार एकदा केलात की कळतं आपल्याला हे खरंच करायचंय का नाही.

बाकी फॉर्म काउंटीच्या इलेक्शन ऑफिसातून मिळतात, तिथले लोक मदत करतात, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. फक्त आर्थिक हितसंबंधांचा फॉर्म नीट भरा, घर, शेअर, बायकोचा बिझनेस, सगळं. पक्षाकडून जायचं असेल तर जूनमध्ये प्रायमरी, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवणारं मतदान, आणि तिच्या अर्जाची मुदत वसंतातच संपते. अपक्ष असाल तर प्रायमरीच्याच दिवशी संध्याकाळी सातपर्यंत वेळ.

पैशाची गंमत अशी की व्हर्जिनियात देणगीला वरची मर्यादाच नाही, कोणी कितीही देऊ शकतो. पण शंभर डॉलरच्या वर देणाऱ्याचं नाव जाहीर होतं आणि व्हीपॅप नावाच्या, देणग्यांची माहिती देणाऱ्या साइटवर कुणीही बघू शकतं. बिल्डरने पाच हजार दिले की चार वर्षांनी तो आकडा तुमच्या विरोधकाच्या पत्रकावर छापून येणार हे धरूनच चेक घ्या.

दारं

मला विचाराल तर सगळं इथेच आहे. टीव्ही, मेलर वगैरे चेअरच्या रेसला ठीक, डिस्ट्रिक्टला पाय.

व्हर्जिनियात मतदाराला पक्षाची नोंद करावी लागत नाही आणि मतपत्रिकेवर स्थानिक उमेदवारांच्या नावापुढे पक्षही छापत नाहीत. म्हणजे खाली सुपरवायजरपर्यंत पोचेपर्यंत माणूस दोन अनोळखी नावं बघत असतो. ज्याचं नाव त्याने दारात ऐकलंय त्याला मत जातं, एवढं साधं आहे. म्हणूनच मतदान केंद्राबाहेर सॅम्पल बॅलट (नमुना मतपत्रिका) वाटायला माणसं उभी करतात, दारापासून ४० फूट सोडून, त्याच्या आत गेलात तर हाकलतात. आणि आता मतदान एक दिवसाचं नाही, ४५ दिवस आधी सुरू होतं, सप्टेंबरच्या उत्तरार्धातच. तेव्हा "दिवाळीनंतर बघू" म्हणणाऱ्यांची अर्धी मतं आधीच पडलेली असतात.

दारात गेल्यावर बोलायचं कमी. मिनिव्हॅन ॲपमध्ये यादी असते, घर दाखवतं, नाव दाखवतं, आणि नवा माणूस त्या नावाकडे बघूनच बोलत बसतो, समोर उभ्या माणसाकडे बघतच नाही. मी पहिल्या दिवशी अशीच तीसेक दारं वाया घालवली. मग एका नाशिकच्या आजोबांनी (मुलाकडे आलेले, मत नव्हतंच) पाणी दिलं आणि म्हणाले "तू सांगतोस कशाला, विचार की त्यांना." तेव्हापासून एकच प्रश्न विचारतो, या भागात तुम्हाला काय खटकतं. उत्तर लिहून घ्यायचं, पत्ता घालून. निवडून आल्यावर हीच वही सोन्याची.

पत्रक मेलबॉक्समध्ये टाकू नका, तिकिटाशिवाय त्यात काही टाकणं फेडरल कायद्याने चालत नाही, दाराच्या फटीत अडकवा. हायवेच्या कडेला सरकारी जागेत पाट्या रोवू नका. आणि कुठल्याही मराठी मंडळाच्या स्टेजवरून "यांना मत द्या" म्हणायला लावू नका, मंडळं बहुतेक करमुक्त संस्था असतात, त्यांनी उमेदवाराला पाठिंबा दिला तर तो दर्जा धोक्यात येतो. गणपतीला दर्शनाला या, मोदक खा, सगळ्या उमेदवारांना बोलावलं असेल तर दोन मिनिटं बोला, बस.

निवडून आलात, आता खरं काम

पहिल्याच आठवड्यात फोन येणार, खड्डा आहे. आता गंमत अशी की व्हर्जिनियात बहुतेक काउंट्यांचे रस्ते काउंटीचे नसतातच, राज्याच्या वाहतूक खात्याचे, व्हीडॉटचे असतात. शाळा वेगळ्या निवडून आलेल्या स्कूल बोर्डाकडे, तुम्ही फक्त पैसे देता. आणि राज्याने दिलेत तेवढेच अधिकार काउंटीला असतात, डिलन रूल म्हणतात त्याला. पण लाउडनमधलं ॲशबर्न हे काही टाउन नाही, तिथे ना मेयर ना कौन्सिल, त्यामुळे लोकांच्या दृष्टीने सगळ्याचे बाप तुम्हीच. "ते आमच्याकडे येत नाही" हे वाक्य बरोबर असलं तरी बोलायचं नाही. व्हीडॉटला ईमेल टाका, त्या माणसाला कॉपीत ठेवा, पंधरा दिवसांनी परत विचारा. खड्डा बुजला नाही तरी चालतं हो, माणसाला तुमची दुसरी ईमेल लक्षात राहते.

टॅक्सचं उत्तर तोंडपाठ पाहिजे. २०२५ चा दर घराच्या किमतीच्या दर १०० डॉलरला ८०.५ सेंट, म्हणजे सात लाखाच्या घराला ५,६३५ डॉलर. दर कमी करत आणता आला यात डेटा सेंटरमधल्या कंप्युटरवरच्या टॅक्सचा मोठा हात आहे. आणि इथेच फास आहे. त्याच डेटा सेंटरचा आवाज, विजेच्या तारा, भिंती लोकांना नकोत. मार्च २०२५ मध्ये बोर्डाने आपोआप परवानगीचा जुना नियम काढला, आता नवीन डेटा सेंटरचा प्रस्ताव बोर्डासमोर येतो. म्हणजे आता प्रत्येक मत तुमच्या नावावर.

हे हलक्यात घेऊ नका. शेजारच्या प्रिन्स विल्यममध्ये चेअर ॲन व्हीलर २०२३ च्या जूनमध्ये स्वतःच्याच पक्षाच्या प्रायमरीत हरल्या, डेटा सेंटरवरूनच मुख्यतः, आणि ज्यांनी हरवलं त्या डेशंड्रा जेफरसन नोव्हेंबरमध्ये चेअर म्हणून निवडून आल्या. विरोधी पक्षाकडे डोळे लावून बसला होता तोवर घरातूनच विकेट.

आणखी एक, फेसबुक. लाउडनच्या चेअर फिलिस रँडल यांनी २०१६ मध्ये एका टीकाकाराला आपल्या चेअरच्या पेजवरून ब्लॉक केलं, साधारण बारा तासच, नंतर उघडलं. तो कोर्टात गेला, आणि जानेवारी २०१९ मध्ये फोर्थ सर्किटने (फेडरल अपील कोर्टाने) सांगितलं की हे अभिव्यक्तिस्वातंत्र्याचं उल्लंघन आहे. २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टाने अशा केसेससाठी नवी कसोटी घातली, पण आपल्यासाठी सोपा नियम हाच की पदाच्या पेजवरून कुणाला ब्लॉक करू नका, प्रचाराचं पेज वेगळं ठेवा, घरच्यांचे फोटो तिसरीकडे. आणि ऑफिसच्या एडला, म्हणजे काउंटीच्या पगारावरच्या मदतनीसाला, प्रचाराचं एकही काम सांगू नका. एक फोन सुद्धा नाही.

रिइलेक्शन

कोण टिकतं हे बघायला लाउडनसारखी जागा नाही. २०११ मध्ये रिपब्लिकननी नऊच्या नऊ जागा घेतल्या. २०१५ ला ६-३ राहिले. २०१९ ला डेमोक्रॅट ६-३, आणि २०२३ ला ७-२. बारा वर्षांत अख्खं बोर्ड उलटलं. पण डलेस डिस्ट्रिक्टचे मॅट लेटर्नो रिपब्लिकन, २०११ ला आले आणि १५, १९, २३ तिन्ही वेळा परत आले. पाणी उलट्या दिशेने वाहत असताना. माझ्या मते कारण कंटाळवाणं आहे, माणूस रस्ते, मेट्रो, बजेट यांचे आकडे घेऊन बसतो आणि वॉशिंग्टनच्या भांडणात फार पडत नाही.

मेट्रोचंच बघा. २०१२ मध्ये वॉशिंग्टन मेट्रोच्या सिल्व्हर लाइनला पैसे द्यायचे का यावर बोर्डाचं मत ५-४ पडलं. गाडी ॲशबर्नला आली १५ नोव्हेंबर २०२२ ला. दहा वर्षं! म्हणजे मत देणाऱ्याला मधल्या दोन इलेक्शनात दाखवायला फक्त खांब होते. मोठ्या कामाबरोबर दर वर्षी एक छोटं काम पूर्ण करा, फुटपाथचा तुटलेला तुकडा, क्रॉसिंगचा दिवा, ज्याच्यापुढे उभं राहून फोटो काढता येईल.

अल्गोंकियनच्या ज्युली ब्रिस्कमन तुम्हाला आठवत असतील, २०१७ मध्ये सायकलवरून ट्रम्पच्या ताफ्याला मधलं बोट दाखवलेल्या. नोकरी गेली, फोटो जगभर गेला, २०१९ मध्ये त्यांनी विद्यमान सुपरवायजरला हरवलं. पण २०२३ ला त्या परत आल्या तेव्हा चार वर्षांचं काम समोर होतं, फोटो किती दिवस पुरणार. क्रिस्टन उमस्टॅट आधी लीसबर्गच्या मेयर, मग तिथल्याच सुपरवायजर, हा पण चांगला रस्ता. ओळख आधीच असते, दारात नाव सांगावं लागत नाही.

आणि स्कॉट यॉर्क. १९९९ ला रिपब्लिकन म्हणून चेअर, २००३ आणि २००७ ला अपक्ष म्हणून, २०११ ला परत रिपब्लिकन. चार वेळा! २०१५ ला म्हणाले आता बस, मग विचार बदलला, अपक्ष म्हणून उतरले, आणि चौरंगी लढतीत रँडल निवडून आल्या. परत उभं राहायचंय की नाही हे टर्मच्या तिसऱ्या वर्षाच्या दिवाळीपर्यंत ठरवा आणि एकदाच बोला, कारण तुम्ही नाही म्हणालात की तुमची माणसं दुसऱ्या दिवशी दुसरीकडे जातात, परत बोलावलं तर निम्मीच येतात.

शेवटच्या वर्षाचं वेळापत्रक मी असं ठेवीन. जानेवारीत जुनी वही उघडून पहिल्या वेळी तक्रार केलेल्या सगळ्यांना स्वतः फोन, प्रचाराचा फोन, काउंटीचा नाही. सह्या त्याच लोकांकडून. मेपासून दारं, पण या वेळी ज्या बूथवर हरला होता तिथून सुरुवात. सप्टेंबरच्या मधोमध पत्रकं घरात पोचलेली. मतदानाच्या आदल्या रविवारी नवीन काहीही जाहीर करू नका, लोकांना पहिल्यांदा शंका येते आणि मग बातमी कळते.

निकालाच्या दुसऱ्या दिवशी, जिंकलात तरी हरलात तरी, पाट्या काढायला स्वतः जा. मी एकदा नोव्हेंबरच्या पावसात एका हरलेल्या उमेदवाराच्या गाडीत साठेक पाट्या भरल्या, लोखंडी तारा वेगळ्या, प्लॅस्टिक वेगळं. तो म्हणाला तारा ठेवतो, चार वर्षांनी परत लागतील.